माईकसमोर राजकारण बोलावं की सोडावं?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी कराड तालुक्यातल्या एका वाचनालयात नोकरीला आहे. शाळेपासूनचे आम्ही तिघं सोबती मिळून एक पॉडकास्ट करतो. आमच्यातला एक तालुका न्यायालयात वकिली करतो. दुसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, मुलांना खो-खो शिकवतो. रविवारी वाचनालय बंद झालं की आतल्या खोलीत बसून आम्ही आठवड्यातलं राजकारण, कोर्टाचे निकाल, खेळ, सणवार, नाटक-सिनेमा यांवर तासभर बोलतो. ऐकणारे फार नाहीत, पण आहेत ते नेमाने ऐकतात. त्यात पुण्या-मुंबईला गेलेली आमच्या भागातली पोरंच जास्त.

मध्यंतरी बैलगाडी शर्यतींवर एक भाग केला. वकील म्हणाला, "सुप्रीम कोर्टानं शर्यतींना मान्यता दिली, विषय संपला." सरांनी विचारलं, "कोर्टानं मान्यता दिली म्हणून बैलाला लागायचं थांबतं का?" त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. मी भाग तसाच सोडला. सरांचं तेवढंच एक वाक्य कुणीतरी कापून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. गाडीमालक भडकले, मुख्याध्यापकांकडे तक्रार गेली. वकील सरांच्या बाजूने एक शब्द बोलला नाही, कारण त्याचे निम्मे अशील त्याच मालकांतले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आणि रेकॉर्डिंगही बंद.

घरचे म्हणतात, राजकारण नि कोर्ट सोडा, खेळावर आणि संस्कृतीवर बोला. एका स्थानिक नेत्याचा माणूस येऊन गेला. खर्च आम्ही करतो, फक्त आमच्याबद्दल सांभाळून बोला, असं त्याचं म्हणणं. एका गेमिंग ॲपकडूनही जाहिरातीची विचारणा आहे. हे चालू ठेवावं का? आणि ठेवलं तर कसं?

— एक वाचक, कराड तालुका

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

चालू ठेवा, आणि राजकारणासकट ठेवा.

घरच्यांची काळजी मला कळते. तुमच्यावर काही बालंट येऊ नये म्हणून ते बोलतात. पण राजकारण आणि कोर्ट काढून खेळ आणि संस्कृती शिल्लक ठेवायची म्हटली तर ती ठेवणार कुठे? ज्या शर्यतीवरून हे सगळं झालं तीच घ्या. ती खेळ आहे की संस्कृती, राजकारण आहे की कायदा? गेली दहा-पंधरा वर्षं ती एकाच वेळी चारही आहे. त्या भागात तुम्ही कुठे अडखळलात ते याच प्रकरणात नीट दिसतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

२०११ च्या जुलैत केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांना खेळ-करमणुकीसाठी शिकवता किंवा लोकांपुढे आणता येत नाही, त्यांच्या यादीत बैल आला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या, म्हणजे तमिळनाडूतल्या बैल काबूत आणण्याच्या खेळाच्या, प्रकरणात निकाल दिला आणि त्यात तमिळनाडूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यतींचाही स्पष्ट उल्लेख करून दोन्ही बंद केलं. त्या निकालात न्यायालयाने बैलाच्या शरीराचा विचार केला आहे. बैल घोड्यासारखा पळण्यासाठी घडलेला नाही, त्याला पळायला लावायचं तर भीती आणि वेदना वापरावी लागते, अशी ती मांडणी होती. म्हणजे तुमच्या सरांनी माईकवर जो प्रश्न विचारला, तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कितीतरी आधी विचारून ठेवला होता. ते वाक्य ऐकून चिडलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

२०१६ च्या जानेवारीत केंद्राने नवी अधिसूचना काढून शर्यतींना वाट मोकळी करून दिली, आणि आठवडाभराच्या आत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पुढच्या वर्षी जानेवारीत जल्लीकट्टूवरच्या बंदीविरुद्ध चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांची गर्दी जमली, तमिळनाडूने आपला कायदा बदलला. महाराष्ट्रानेही २०१७ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. नियम तयार नाहीत म्हणून त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. प्रकरण दिल्लीत पडून राहिलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात बंदी मोडून शर्यत भरवण्याचं आंदोलन झालं, ते तुमच्या भागातल्या लोकांच्या लक्षात असेलच. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. शेवटी १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. दुरुस्ती झाली तेव्हा राज्यात एक सरकार होतं, न्यायालयातून परवानगी मिळाली तेव्हा दुसरं, आणि दोन्ही सरकारं शर्यतीच्याच बाजूने उभी होती. आता यातून राजकारण वेगळं काढून दाखवा.

तुमचे वकील मित्र म्हणाले, विषय संपला. ते साफ चुकीचं नाही, पण अपुरं आहे, आणि माईकवर बोलणाऱ्या वकिलाकडून अपुरं येणं जास्त नुकसान करतं. कारण ऐकणारा त्यांच्या शब्दाला कायदा समजतो. घटनापीठाने काय म्हटलं? २०१४ चा निकाल त्या वेळी शर्यती जशा होत होत्या आणि कायदा जसा होता त्यावर दिलेला होता. राज्यांनी कायदा बदलला, नियम केले, त्यामुळे परिस्थिती बदलली. ही परंपरा आमच्या संस्कृतीचा भाग आहे असं विधिमंडळाने ठरवलं असेल, तर न्यायालय त्या ठरवण्यात हात घालणार नाही. आणि नियम काटेकोर पाळले गेले पाहिजेत. नियम म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, पळवण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासणी, चाबूक-काठी-खिळे-विजेचा झटका यांना बंदी. मोडले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

म्हणजे मान्यता आहे ती या अटींसकट. मग सरांचा प्रश्न उरतोच, उलट तो आता अधिक नेमका होतो: आपल्या मैदानात हे नियम पाळले जातात का? याचं उत्तर दिल्लीतल्या निकालपत्रात मिळणार नाही. ते तुमच्या तालुक्यातल्या मैदानात उभं राहून मिळेल. हा प्रश्न विचारणारा माणूस शर्यतीचा वैरी ठरत नाही. नियम पाळले गेले नाहीत आणि पुन्हा कुणी न्यायालयात गेलं, तर नुकसान गाडीमालकांचंच आहे.

आता दुसरी बाजू, आणि ही मला सरांना सांगायची आहे. गाडीमालकाचं म्हणणं त्या भागात कुणीच मांडलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. खिलार बैल आज शेतीच्या कामाला फारसा लागत नाही, ट्रॅक्टर आला. तरीही खिलार जपणारी, त्याला पोटच्या पोराआधी खाऊ घालणारी घरं आहेत, आणि ती शर्यतीमुळे टिकली आहेत असं ती माणसं मनापासून मानतात. बंदीच्या काळात जातिवंत बैलांचे भाव पडले, ही त्यांची जुनी तक्रार आहे. ती तपासून घ्या, पण आधी ऐकून घ्या. पुणे जिल्ह्यातल्या घाटात चार बैल आणि पुढे घोडी अशी बारी धावते, तुमच्याकडे मैदानात दोन बैलांचा छकडा पळतो. धोके वेगळे, सवयी वेगळ्या. हे सांगायला मैदानातलाच माणूस हवा. आपल्याविषयी तासभर बोललं गेलं आणि आपल्याला बोलावलं नाही, याचा राग त्या एका वाक्यावर निघाला असण्याची शक्यता मला फार वाटते.

तर पहिलं काम वकिलांचं. त्यांनी सरांना सोबत घेऊन गाडीमालकांकडे जायचं. सरांनी एकट्याने जायचं नाही, तुम्हीही मध्यस्थ म्हणून पुढे व्हायचं नाही. वकील त्यांच्या ओळखीचे आहेत, त्यांच्या कोर्टकामात उभे राहतात, म्हणूनच त्यांच्या तोंडून "सरांचं पूर्ण बोलणं ऐका, मग रागवा" हे वाक्य जाणं गरजेचं आहे. अशील तुटतील अशी भीती त्यांना वाटली असेल, ती मी हलकी मानत नाही. तालुक्याच्या ठिकाणी वकिली ओळखीवरच चालते. पण बरोबर बसून बोललेल्या मित्रावर तक्रार जाते आणि आपण गप्प राहतो, हे सरांना लागलं आहे. बैलाच्या प्रश्नावरचा मतभेद त्यापुढे काहीच नाही. दोघांचं बोलणं बंद पडलं ते या गप्प राहण्यामुळे. हे तुम्ही वकिलांना स्पष्ट सांगा, फोनवर नको, समोर बसून. ते गेले, बोलले, तर सर परत येतील असं मला वाटतं. नाहीच गेले, तर हा पॉडकास्ट तिघांचा राहणार नाही, आणि तेही तुम्हाला वेळेवर कळलेलं बरं.

सरांच्या नोकरीचं मात्र गंभीरपणे घ्या. तिघांत सर्वांत जास्त गमावण्यासारखं त्यांच्याकडे आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि २०२५ च्या जुलैत राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावर वेगळा शासन निर्णयही काढला. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका हा त्यातला मुख्य धोका. शिक्षकाने नागरिक म्हणून बोलू नये हे मला पटत नाही, पण माझ्या न पटण्याने त्यांची नोकरी वाचणार नाही. दोन्ही कागद वकिलांनी वाचून सरांना समजावून द्यावेत, हे त्यांच्याकडून मित्रासाठी होण्यासारखं काम आहे. जिथे परवानगी लागत असेल तिथे ती लेखी घ्यावी. सरकारच्या निर्णयावरची टीका तुम्ही आणि वकील करा. खेळाडू, मैदानं, मुलं, जनावरं यांविषयी सरांना जे दिसतं ते त्यांनी बोलावं, आणि प्रश्न विचारावेत. खरं सांगते, तुमच्या पत्रातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य त्यांचाच प्रश्न आहे. असा प्रश्न विचारणारा माणूस ज्या गप्पांत आहे, त्या गप्पा बंद पडू नयेत असं मला फार वाटतं.

वकिलांसाठीही एक सूचना. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, तेव्हा "अधिक माहितीसाठी मला भेटा" हे शेवटी म्हणायचं नाही. आणि ज्या प्रकरणात ते स्वतः उभे आहेत, त्यावर पॉडकास्टमध्ये अवाक्षर नको.

आता निकालांवर बोलायचं कसं, याकडे येते. मी बरीच वर्षं न्यायालयाच्या बातम्या लिहिल्या, त्यामुळे हा भाग मला जिव्हाळ्याचा आहे.

११ मे २०२३ आठवा. शिवसेनेच्या फुटीवरचा घटनापीठाचा निकाल आला आणि दोन्ही बाजूंनी विजय आपलाच झाला असं सांगितलं. ज्याने फक्त मथळे पाहिले, तो आपापल्या पसंतीचा मथळा घेऊन वाद घालत बसला. निकालात काय होतं? राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावलं ते चूक, हे होतं. आणि मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने जुनं सरकार परत आणता येत नाही, हेही होतं. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी घ्यावा, हेही. तो पुढे १० जानेवारी २०२४ ला आला. तीनही गोष्टी एकदम सांगितल्या तरच ऐकणाऱ्याला काही कळतं. एक सांगितली आणि दोन गाळल्या तर तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण ऐकणारा चुकीचं घेऊन घरी गेला. निकालाचा शेवटचा भाग, जिथे न्यायालय आपले निष्कर्ष क्रमाने मांडतं, तेवढा तरी मूळातून वाचल्याशिवाय त्या निकालावर भाग करायचा नाही, असा दंडक घाला. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादही असतात. तुम्ही वाचनालयात आहात, कागद शोधणं आणि समोर ठेवणं हे तुमच्याइतकं चांगलं दोघांनाही जमणार नाही.

आणि सुनावणीतले शेरे म्हणजे निकाल नव्हे. २०२२ च्या सप्टेंबरपासून घटनापीठाच्या सुनावण्या थेट प्रक्षेपित होतात. फार चांगलं झालं, सामान्य माणसाला न्यायालय कसं चालतं ते दिसू लागलं. पण न्यायमूर्ती वकिलाला टोकतात, उलटे प्रश्न विचारतात, कधी मुद्दाम दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद त्याच्या अंगावर टाकून पाहतात. संध्याकाळी त्यातला एक शेरा "कोर्टाने फटकारलं" म्हणून फिरतो, आणि आदेशात त्याचा मागमूसही नसतो. तुमच्या भागात तीन वाक्यांची सवय ठेवा: आदेशात असं आहे. सुनावणीत असं विचारलं गेलं. मला असं वाटतं. तिन्ही वेगळी, आणि बोलताना वेगळी ऐकू आली पाहिजेत. वकील आपलं राजकीय मत कायद्याच्या आवाजात सांगू लागले, की तुम्ही तिथल्या तिथे विचारायचं, "हे निकालात आहे की तुमचं मत?" त्यांना राग येईल. येऊ दे. ऐकणाऱ्याला तोच क्षण सर्वांत जास्त शिकवून जातो.

न्यायालयाच्या अवमानाची भीती तुमच्या मनात असेलच. १९७१ चा अवमान कायदा न्यायालयीन कामकाजाच्या रास्त आणि अचूक वृत्तांताला अवमान मानत नाही, आणि अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरच्या रास्त टीकेलाही मानत नाही. तेव्हा निकाल चुकला असं वाटलं तर कारणं देऊन म्हणा. न्यायमूर्तींच्या हेतूवर, पैशांवर, जातीवर बोलू नका. आणि जे प्रकरण अजून चालू आहे, त्यात आरोपी दोषीच आहे असं ठरवून टाकू नका, तो कितीही नावडता असला तरी. बदनामी आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी शिक्षा ठेवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ मात्र सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं. अजूनही कुणी त्याची धमकी देतं का पाहा, दिली तर घाबरू नका.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव, गाव, शाळा, नात्यातली माणसं, काहीही ज्यावरून ती ओळखू येईल, ते तुमच्या तोंडून जाता कामा नये. गुन्ह्यातल्या लहान मुलाची ओळखही नाही, मग तो बळी असो की आरोपी. कायदा आहेच, संहितेचं कलम ७२ आहे, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. पण तालुक्याच्या गावात नाव न घेताही ओळख पटते. "अमुक वस्तीवरची मुलगी" एवढं पुरतं. तुमच्यापैकी कुणाच्या बोलण्यात असं आलं, तर तो भाग कापताना त्याची संमतीही विचारू नका.

बाकीच्या कापाकापीसाठी माझा सल्ला असा: रेकॉर्ड केलेलं त्याच रात्री सोडू नका. दोन दिवस जाऊ द्या, तिघांनीही ऐका. प्रत्येकाला स्वतःचं वाक्य काढण्याचा हक्क, दुसऱ्याचं काढण्याचा नाही. शर्यतीचा भाग तुम्ही "तसाच सोडला" असं लिहिता. दोन दिवस थांबला असता तर सरांनी बहुधा त्या प्रश्नापुढे आणखी दोन वाक्यं जोडली असती. कुणी कापायचं ठरवलं तर कापणारच, पण आक्षेप आणि त्याचं कारण एकाच दमात बोललेलं असलं, की तुकडा काढणं अवघड होतं. आणि असा तुकडा फिरलाच, तर ग्रुपवर वाद घालत बसू नका. पूर्ण बोलण्यातली त्या वाक्याच्या आधीची-नंतरची दोन मिनिटं तुम्हीच कापून त्याच ग्रुपवर टाका. तासाभराचा भाग कुणी ऐकत नाही, दोन मिनिटं ऐकतात.

भागाच्या सुरुवातीला रेकॉर्डिंगची तारीख सांगायला लागा. पहिलीपासून हिंदीच्या वादाचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय आला, १७ जूनला तो बदलला, २९ जूनला दोन्ही रद्द झाले. २८ जूनला जीव तोडून केलेली चर्चा ३० जूनला ऐकणाऱ्याला वेड्यासारखी वाटली असती. तारीख सांगितलेली असली की तीच चर्चा त्या दिवसाची नोंद म्हणून टिकते, आणि काही वर्षांनी कुणाला त्या आठवड्यात साताऱ्या-कराडकडे लोक काय बोलत होते ते हवं असेल, तर तुमच्याकडे सापडेल.

खेळाबद्दल घरच्यांना एक गोष्ट आठवण करून द्या, ती तुमच्याच तालुक्यातली आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिथे पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या त्यांच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. आता सांगा, खाशाबांवर बोलताना कुस्ती किती आणि राज्यकर्ते किती? २०२३ मध्ये महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतर मंतरवर बसल्या, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं. २०२५ मध्ये संसदेने क्रीडा संघटनांच्या कारभारासाठी स्वतंत्र कायदाच केला. सरांना विचारा, ते यावर अख्खा भाग बोलतील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. त्यावर मराठीत जितकं बोललं जायला हवं होतं त्याच्या पावपटही झालं नाही. क्रिकेटवर बोलणारे ढीग आहेत. खो-खोची पोल, सूर, साखळी हे आतून माहीत असलेला माणूस तुमच्या खोलीत बसतो. तुमचा पॉडकास्ट ज्यासाठी लोकांनी शोधून काढावा, ती गोष्ट ही आहे.

पैशांचं. नेत्याच्या माणसाला नाही म्हणून कळवा. नम्रपणे, पण लेखी कळवा, म्हणजे उद्या कुणी "यांनी घेतले" असं म्हटलं तर तुमच्याकडे कागद असेल. "सांभाळून बोला" या अटीवर आलेला पैसा पहिल्या महिन्यात माईक घेऊन देईल, आणि निवडणुकीच्या महिन्यात तुमच्या तोंडात शब्द घालेल. गेमिंग ॲपचं तर विचारूच नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा मंजूर केला, त्यात जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. वकिलांनी ते कलम स्वतः वाचून तुम्हा दोघांना दाखवावं. आणि कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. तुमचे ऐकणारे म्हणजे गावाबाहेर एकटी राहणारी, पहिल्या पगाराची पोरं. त्यांच्या खिशावर डोळा ठेवणाऱ्याला तुमचा आवाज देऊ नका.

खर्च भागवायचाच असेल तर ऐकणाऱ्यांकडेच मागा, किंवा ज्याच्यावर तुम्हाला बोलायची वेळ येणार नाही अशा दुकानदाराची जाहिरात घ्या, आणि पैसे कुणाचे ते दर भागात सांगा. तुमचा खर्च फार नाही. खोली आहे, माणसं आहेत. पण एक विचारते, वाचनालयाच्या कार्यकारिणीची लेखी परवानगी आहे ना? नसेल तर आधी ती घ्या. तक्रार करणारा पुढच्या वेळी मुख्याध्यापकांऐवजी तुमच्या अध्यक्षांकडे जाईल.

परत सुरू करताना पहिला भाग पुन्हा शर्यतीवरच करा. टाळलात तर गावाला वाटेल की दबावाने तोंड मिटलं, आणि सरांना वाटेल की त्यांना सोडून दिलं. एक गाडीमालक बोलवा, मैदानात तपासणी करणारा एखादा पशुवैद्यक बोलवा. सरकारी असेल तर त्यालाही बोलण्याची परवानगी लागेल, नाहीतर निवृत्त शोधा. निकालपत्र आणि नियम टेबलावर ठेवा. सुरुवात वकिलांनी करावी, २०१४ चा निकाल काय म्हणाला आणि २०२३ चा काय, दोन्ही सारख्याच आदराने. मग सरांनी त्यांचा तोच प्रश्न विचारावा, शब्द न बदलता, आणि या वेळी तो गाडीमालकाला समोरासमोर विचारावा. तुम्ही मध्ये पडू नका. गाडीमालक काय उत्तर देतील ते मला इथे बसून सांगता येणार नाही, म्हणून तो भाग झाला की मला जरूर कळवा. मी ऐकणार आहे.

तुमची,
ताई